न जाणवणारा विजेचा झटका

पावसाळा वगळला तर जालना जिल्ह्यांतील हवा बहुधा कोरडी असते. अशा दिवसांत कृत्रिम धाग्याचा सदरा काढतांना चटचट आवाज होतो. दाराच्या कडीला बोट लागतांच ठिणगी उडते. दमट हवेंत अंगावरील विद्युद्भार हळूहळू निघून जातो. कोरड्या हवेंत तो सांचून राहतो.

हा झटका मनुष्याला जाणवण्यास सुमारें ३००० व्होल्ट लागतात. संगणकांतील कांहीं नाजूक चिपा मात्र १०० व्होल्टांनींहि बिघडतात. म्हणजे जी ठिणगी डोळ्यांना दिसली नाहीं, बोटाला कळली नाहीं, तीच घात करून जाते. पुष्कळदां यंत्र त्या दिवशीं चालतें आणि महिन्याभरानें बंद पडतें. दोष मात्र बिचाऱ्या दुकानदाराच्या माथीं!

घरीं मेमरीची पट्टी बदलावयाची झाल्यास वीज तोडावी, पेटीच्या उघड्या धातूला प्रथम हात लावावा व काम संपेपर्यंत मधून मधून लावीत राहावें. यासाठीं मिळणाऱ्या मनगटी पट्ट्यांत दहा लक्ष ओहमचा रोध असतो. चुकून घरांतील विजेशीं संबंध आला तरी प्राणावर बेतूं नये, हा त्याचा हेतु. त्याऐवजीं नुसती तार मनगटाला गुंडाळणें हा शुद्ध अविचार होय. मेमरीची पट्टी कडांनीं धरावी, आणि बसविण्याच्या क्षणापर्यंत तिच्या चंदेरी पिशवींतच राहूं द्यावी.