पेशीतली घडी आणि सुनेवरचा ठपका



गटाच्या बैठकीत एक प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. "सुनेला दुसरीही मुलगीच झाली. तिच्यातच काही दोष असेल का?" याचं उत्तर आज आपण शरीराच्या अगदी आत जाऊन बघूया.

आपलं शरीर बारीक पेशींचं बनलेलं आहे. बहुतेक पेशींत एक केंद्रक असतं आणि त्यात डीएनएचा धागा असतो. एका पेशीतला सगळा धागा सरळ केला, तर तो सुमारे 2 मीटर भरेल. केंद्रक मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. मग धागा मावतो कसा? रिळाला दोरा गुंडाळतात, तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांना गुंडाळलेला असतो. अशी कोट्यवधी रिळं, आणि त्यांच्या पुन्हा घड्या. यालाच क्रोमॅटिन म्हणतात.

घडी नुसती जागा वाचवायला नसते. ट्रंकेत वर ठेवलेली साडी पटकन हाती येते, तळाची तशीच राहते. तसंच सैल घडीतला मजकूर पेशी वाचते, घट्ट घडीतला सहसा वाचत नाही. म्हणून धागा तोच असूनही डोळ्याची पेशी वेगळी आणि यकृताची वेगळी.

हा धागा 46 तुकड्यांत असतो. ती गुणसूत्रं. बाईकडे दोन एक्स असतात, एक आईचा, एक वडिलांचा. मुलगी गर्भात असतानाच प्रत्येक पेशी त्यातला एक एक्स घट्ट घडी घालून बाजूला ठेवते. काही पेशींत आईचा, काहींत वडिलांचा. 1961 मध्ये मेरी लियॉन या शास्त्रज्ञ बाईंनी हे मांडलं. म्हणजे लेकीच्या अंगात दोघांचाही वारसा काम करत असतो.

पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. आई प्रत्येक बाळाला एक्सच देते. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. काय यावं, हे वडिलांच्याही हातात नसतं. मग सुनेचा दोष कुठला?

2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नाव असलेल्या 285 मुलींना नवी नावं दिली गेली. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला, आणि तपासात 19 भ्रूण पुरलेले सापडले.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला सासवांनाही बोलवा, आणि ही एक्स-वायची गोष्ट त्यांच्यासमोर सांगा.