म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका

मैत्रिणींनो, म्हातारी बाई एकच गोष्ट चारदा विचारू लागली की घरचे म्हणतात, 'म्हातारचळ लागला.' दवाखान्यात कोणी नेत नाही. पण स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना तो आहे. बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. खेड्यात शहरापेक्षा जास्त.

असं का? बायका जास्त जगतात, हे उत्तर पुरेसं नाही. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा धोके मांडले. ते सगळे टळले तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. त्यात लहानपणी न मिळालेलं शिक्षण आहे! भावंडं सांभाळायला शाळेतून काढलेल्या मुलीचा हिशेब सत्तरीत असा निघतो. शिवाय कमी ऐकू येणं, अधू नजर, उदासी, एकटेपण. आणि डोक्याला लागलेला मार. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकांची डोकी कशाने फुटलेली असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

गेलेली शाळा परत आणता येत नाही. (साक्षरता वर्गवाल्यांनी मात्र वर्ग बंद करू नयेत!) रक्तदाब तपासणं, मोतीबिंदू काढणं, कानाला यंत्र लावणं तर जमेल? यंत्राला पैसे सासऱ्यासाठी निघतात. सासूला विचारतात, 'तुला काय ऐकायचंय?' पुढच्या आरोग्य शिबिरात साठीपुढच्या बायकांचे कान तपासायचेच, असं माझं म्हणणं आहे. कोण कोण जबाबदारी घेतंय, बोला.