मेंदीची मांडणी

राजस्थानांतील स्त्रिया मेंदी ‘काढीत’ नाहींत, त्या ती ‘मांडतात’. तेथें सारविलेल्या भुईवर खडू आणि गेरू यांनीं घालावयाच्या चित्रांसही ‘मांडणा’ हेंच नांव आहे. जी गृहिणी सणाच्या सकाळीं अंगणांत चौक भरते, तीच सायंकाळीं मुलीच्या तळहातावर त्याच वळणाचा लहान चौक उतरविते. भूमि आणि तळहात हीं दोन्ही तिच्या लेखीं सारखींच शुभ.

म्हणूनच जुन्या मांडणीचे विषय घरांतले आहेत. जाळीदार घेवर, लहरियाच्या वस्त्रावरील नागमोडी पट्टे, सोंगट्यांचा चौपट, बिजणी म्हणजे हातपंखा, आणि कैरी. श्रावणांतील तीज आली, कीं घेवर व लहरिया हातावर यावयाचेच. त्या दिवसांत ताटांत घेवर असतो आणि अंगावर लहरियाची ओढणी.

महाराष्ट्राची रीत निराळी. येथें विवाहांत खरा मान हळदीचा आणि हिरव्या चुड्याचा. मेंदी मुख्यतः श्रावणांतली, नागपंचमीची आणि मंगळागौरीची. पाला खुडून आणावा, काताबरोबर पाट्यावर वाटावा, तळहाताच्या मध्यावर चंद्रासारखा गोल द्यावा, भोंवतीं खराट्याच्या हिरानें ठिपक्यांचें कडें करावें, बोटांचीं अग्रें पहिल्या पेरापर्यंत लिंपावीं, आणि हात फडक्यांत बांधून निजावें. एवढीच ती नक्षी. परंतु साधी म्हणून तिला हिणविणें योग्य नव्हे. ओल्या पाल्याच्या जाडसर वाटणानें बारीक रेघ निघतच नाहीं. ठिपका मात्र ठसठशीत उठतो. नक्षी ही अशी साधनाच्या पोटीं जन्म घेते.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत शंकूच्या आकाराची पुडी, जिला आज सर्वत्र ‘कोन’ म्हणतात, ती प्रचारांत आली आणि केसाएवढी रेघ कोणालाही साधूं लागली. मग वधूचे हात कोपरापर्यंत भरले. मोर, पालखी, वर-वधूंच्या मुद्रा त्यांत अवतरल्या. हस्तकौशल्य वाढलें यांत संशय नाहीं. पण या दाटींत कैरी कोठें संपली आणि वेल कोठें सुरू झाली, हें हात नाकाशीं नेल्याखेरीज कळत नाहीं! जुना चौपट मांडवाच्या दुसऱ्या टोंकावरून ओळखूं येई. कारण त्यांत जेवढी मेंदी, तेवढीच कोरी त्वचा राखलेली असे.

नक्षीहूनही वधूला चिंता असते ती रंगाची. मेंदी जितकी गडद, तितकी नवऱ्याची किंवा सासूची माया अधिक, अशी समजूत आहे. थट्टेपुरती ती ठीक. पण फिके हात घेऊन बोहल्यावर चढणाऱ्या मुलीला ती थट्टा बोंचते. वास्तविक त्या मायेचा येथें कांहीं संबंध नाहीं. पानांत लॉसोन नांवाचें रंगद्रव्य असतें, तेंही शेंकडा १-२ भागांच्या आसपास. लिंबाच्या आंबटपणानें तें सुटतें, साखरेच्या पाण्यानें लेप चिकटून राहतो, आणि तळहाताच्या जाड कातडींत रंग मुरतो. मनगटावर तीच मेंदी फिकी पडते. लेप निघतांच हात नारिंगी दिसतो; तांबूस-तपकिरी होण्यास आणखी १-२ दिवस लागतात. म्हणजे आदल्या रात्रीं घाईनें लावलेली मेंदी अक्षतांच्या वेळीं अर्धवटच रंगलेली असते. दोन रात्री आधीं लावावी, लेप रात्रभर ठेवावा, तो पाण्यानें न धुतां खरवडून काढावा आणि तव्यावरील लवंगांची धुरी द्यावी, ही वडील बायकांची रीत होती. तिच्यांत वेळाचा हिशेब चोख होता. पाल्याचा कसही पाहिला जाई. पाली जिल्ह्यांतील सोजतच्या मेंदीची ख्याति याच कसावर उभी आहे; २०२१ सालीं तिला भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली.

हा धीर ज्यांना उरला नाहीं, त्यांच्यासाठीं ‘काळी मेंदी’ निघाली. मेंदीचें झाड काळा रंग देत नाहीं. तासाभरांत काळीभोर नक्षी उठविणाऱ्या लेपांत पुष्कळदां केसांच्या कलपांतलें पॅराफिनिलिनडायामिन मिसळलेलें असतें. कित्येकींच्या हातांवर त्यानें कांहीं दिवसांत रेघेरेघेवर फोड येतात. नक्षी जाते, तिच्याच आकाराचा वण मागें राहतो. शिवाय एकदां शरीरानें या द्रव्याशीं वैर धरलें, कीं तें जन्मभर टिकतें. वीस वर्षांनीं लावलेल्या साध्या कलपानेंही तोंड सुजतें.

तेव्हां मेंदी लावणारी बाई घरीं आली, कीं चित्रांची वही उघडण्याआधीं तिच्या कोनांतला लेप पाहून घ्यावा. चांगला लेप हिरवट-तपकिरी असतो आणि त्याला भिजल्या पाल्याचा वास येतो. तो मुळांतच शाईसारखा काळा असला, किंवा तासाभरांत काळा रंग येईल असें ती सांगूं लागली, तर तिला चहा देऊन परत पाठवावें, आणि घरांतल्या एकादीला हीर घेऊन बसवावें.