घरचा पोहण्याचा हौद आणि त्याचीं साधनें



आमच्या लहानपणीं पोहणें शिकावयाचें म्हणजे पाठीला सुका भोपळा बांधून गांवच्या विहिरींत उडी टाकावयाची, एवढाच मार्ग होता. विहिरीला झरे होते आणि शेतासाठीं रोज तिचा उपसा होत असे. त्यामुळें पाण्याची काळजी अशी कोणीं केलीच नाहीं. आज आपल्या शहरांतून बंगल्याच्या आवारांत पोहण्याचे हौद बांधले जात आहेत. या हौदास झरा नसतो, आणि नेमकें हेंच आपण विसरतों. झऱ्याचें काम तेथें यंत्रास आणि औषधास करावें लागतें. तीं कोणत्या क्रमानें विकत घ्यावींत, तें आज सांगणार आहें.

मला हें ज्ञान जरा महाग पडलें. माझ्या चिरंजीवांनीं नाशिकास घरामागें हौद बांधला. दुकानदारानें प्रथम दाखविलें तें तळावर आपोआप फिरणारें यंत्र. मोठें मौजेचें आहे तें! कासवासारखें सरकतें, भिंतीवर चढतें आणि पालापाचोळा, गाळ आपल्या पिशवींत गोळा करतें. मुलें पाहतच राहिलीं आणि बराचसा पैसा तेथेंच खर्च झाला. पाण्याच्या परीक्षेची पेटी मात्र सर्वांत स्वस्त घेतली.

उन्हाळ्याच्या सुटींत नातवंडें दिवसभर पाण्यांत. चौथ्या-पांचव्या दिवशीं त्यांचे डोळे लाल झाले आणि हौदास उग्र दर्प येऊं लागला. क्लोरीन फार झालें, असें सर्वांचें मत पडलें. त्यांत माझेंही होतें. परीक्षानळींतील पाणी गर्द पिवळें झालें, तेव्हां शंकाच उरली नाहीं. आम्हीं औषध बंद ठेविलें. पुढें तीन दिवसांत धाकट्या नातीचा कान सुजून ठणकूं लागला. रात्रभर ती कण्हत होती आणि तिची आई उशाशीं बसून होती.

चूक मागाहून उमगली. पाण्यांत क्लोरीन दोन स्थितींत असतें. एक मोकळें, जंतूंचा नाश तें करतें. दुसरें, घाम आणि मूत्र यांतील द्रव्यांशीं संयोग पावलेलें. जंतूंवर त्याचा प्रभाव अगदीं मंद, पण डोळे झोंबविणारें आणि दर्प सोडणारें तेंच. पिवळा रंग देणारी जुनी परीक्षा या दोहोंची बेरीज दाखविते. म्हणजे आमच्या हौदांत क्लोरीन फार झालेलें नव्हतें. कामाचें क्लोरीन संपलें होतें, आणि आम्हीं तें देणेंच थांबविलें! गुलाबी रंग देणारी डी.पी.डी. परीक्षा दोन्ही निरनिराळीं मोजते. तिची पेटी ही पहिली खरेदी. मोकळें क्लोरीन लिटरमागें निदान 1 मिलिग्रॅम असावें; गोळ्यांचें क्लोरीन वापरीत असल्यास 2. सामू 7.2 ते 7.8 यांच्या दरम्यान असावा. साध्या पाण्यांत सामू 7.5 असतां मोकळ्या क्लोरीनचा सुमारें अर्धा भाग प्रभावी रूपांत असतो. सामू 8 झाला कीं चौथा हिस्साच उरतो.

दुसरी खरेदी पंप आणि गाळणी. येथें शाळेंतलें गणित पुरतें. हौद 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असेल तर पाणी 40 घनमीटर, म्हणजे 40,000 लिटर. तें सहा तासांत एकदां गाळावयाचें तर ताशीं पावणेसात घनमीटर झालें. वाळूच्या चौरस मीटरमागें ताशीं 35 घनमीटर धरल्यास सुमारें 50 सेंटिमीटर व्यासाची टाकी लागते. पंप मोठा आणि गाळणी लहान अशी जोडी कधींही घेऊं नये; पाणी वाळूंतून घाईनें निघून जातें आणि गाळ अडत नाहीं.

नंतर क्लोरीन देण्याची सोय. मिठापासून क्लोरीन करणारें यंत्र चांगलें. परंतु त्या हौदांत क्लोरीन नसतें, हा समज खोटा आहे. लिटरमागें साडेतीन ग्रॅम धरलें तरी आपल्या हौदास 140 किलो मीठ प्रथम घालावें लागतें, आणि जवळचें लोखंड गंजतें तें वेगळेंच. गोळ्या सोयीच्या, पण त्यांतील सायन्यूरिक अम्ल क्लोरीनचें उन्हापासून रक्षण करीत असलें, तरी तें पाण्यांत सांचत जातें आणि क्लोरीनला मंद करतें. मग पाणी बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. अतिनील किरणांचा दिवा क्लोरीनला दाद न देणारे कांहीं जंतु मारतो. पण दिव्यापुढून गेलेल्या पाण्यांत नंतर पडलेल्या घाणीस त्याचा उपाय नाहीं. तो क्लोरीनच्या जोडीस घ्यावा, ऐवजीं नव्हे.

जाळी, लांब दांडा आणि नायलॉनचा ब्रश थोडक्या पैशांत येतात. तळावरचें कासव पैसे उरल्यास घ्यावें.

औषधें ठेवावयास कुलपाची, वारा खेळणारी जागा हवी. अम्ल आणि क्लोरीन एका फळीवर ठेवूं नयेत. तीं मिसळलीं तर विषारी वायु निघतो. दोन जातींचीं क्लोरीनें एका डब्यांत घालणें तर आगीस आमंत्रण. औषध नेहमीं पाण्यांत टाकावें. औषधावर पाणी ओतूं नये.

नातीचा कान आठवड्यानें बरा झाला. आतां सकाळ-संध्याकाळ गुलाबी रंग ताडून पाहण्याचें काम तिच्या थोरल्या भावाकडे आहे. आंकडा वहींत लिहिल्याशिवाय तो कोणासही पाण्यांत उतरूं देत नाहीं. परवां त्यानें मलाच कांठावर पंचा गुंडाळून उभें ठेविलें होतें.