पिल्लं दगावतात तेव्हा

 

गावोगावी बैठकांना गेलं की आजकाल एक गोष्ट हमखास कानावर येते. "ताई, पिल्लं आणली तेव्हा चांगली टुणटुणीत होती. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर बारा मरून पडलेली." कुणाची बारा, कुणाची तीस. गटातून कर्ज काढलेलं, घरच्यांची समजूत घालून जागा केलेली, आणि आठ दिवसांत खुराडं निम्मं रिकामं. म्हणून आज त्यावरच बोलू. पिल्लं का मरतात, मेली की त्या दिवशी काय करायचं, आणि ज्या बाईची पिल्लं गेली तिच्यामागे गटानं कसं उभं राहायचं.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. खुडूक कोंबडीनं उबवलेल्या पिल्लाला आई असते. ती पोटाखाली ऊब देते, दाणा टोचून दाखवते, पावसात पंखाखाली घेते. आपण गिरीराज, वनराज, कावेरी अशी जी एक दिवसाची पिल्लं खोक्यातून आणतो, ती यंत्रात उबवलेली. त्यांना आई नाही. आईची ही सगळी कामं पहिले तीन-चार आठवडे आपल्याला करायची असतात. यातलं एखादं काम राहिलं की मरतुक होते. कुठलं राहिलं, हे पिल्लू कोणत्या दिवशी गेलं यावरून पुष्कळदा कळतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लं गेली, तर कारण बहुधा प्रवासात किंवा उबवणीत असतं. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तगतं. पण लांबच्या प्रवासात पाण्यावाचून सुकतं. म्हणून आणल्या आणल्या आधी पाणी, त्यात थोडा गूळ, आणि मग खाद्य. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, त्यात चार खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडून मरतात. मेलेल्या पिल्लाचं पोट फुगलेलं असेल, बेंबी ओली किंवा काळी असेल, घाण वास येत असेल, तर ते बेंबीतून झालेलं दुखणं. त्याची सुरुवात बहुतेक वेळा उबवणीच्या जागीच होते. अशी पिल्लं जास्त निघाली तर त्याच दिवशी फोटो काढून पुरवठादाराला कळवा. पिल्लं घेतानाच दोन-चार हातात घेऊन बेंबी कोरडी आहे का, डोळे चमकदार आहेत का, पायावर नीट उभी राहतात का, हे बघून घ्यावं.

चौथ्या-पाचव्या दिवशी काही पिल्लं जातात ती उपाशी राहून. पोटातला बलक संपला, आणि दाणा टिपायला शिकलीच नाहीत. याची परीक्षा सोपी आहे. आणल्याच्या पहिल्या रात्री दहा पिल्लं हातात घ्या आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटानं हलकेच चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लू खातंय. रिकामी लागली तर त्याची चोच पाण्यात बुडवा, कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा आणि बोटानं टकटक करा. कोंबडी तेच करते.

पण पहिल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त पिल्लं जातात ती थंडीनं. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. पहिल्या आठवड्यात त्याला ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढं दर आठवड्याला पाच-पाच अंश फॅरनहाइटनं कमी करायची. शंभर पिल्लांना १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब साधारण पुरतात. एलईडी बल्ब लावू नका, त्याचा उजेड पडतो, ऊब मिळत नाही. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडं सारखी पसरून खात-पीत असतील, तर तुम्ही निवांत झोपा.

आपल्याकडं रात्री लाइट जाते. ती गेली की पिल्लं ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी कोपऱ्यात चपटी झालेली पिल्लं दिसली तर समजा, रात्री असं झालं. म्हणून पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल कडा करा. कोपराच ठेवला नाही तर ढीग कमी होतो. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची तयारी असू द्या. मडक्यात निखारे ठेवायचे तर वरून राखेनं झाका, आणि खोली कधीच पूर्ण बंद करू नका. कोळशाच्या धुरानं पिल्लंही मरतात आणि माणसंही.

दोन-तीन आठवड्यांनंतरची मरतुक वेगळी असते. तेव्हा रोगाचा संशय घ्यायचा. पिल्लं पंख पाडून पेंगतायत आणि विष्ठेत रक्त दिसतंय, तर ती बहुधा रक्ती हगवण. खालचं भाताचं तूस ओलं राहिलं की ती पसरते. तूस दोन-तीन इंच जाड, रोज हलवलेलं आणि कोरडं पाहिजे. मान वाकडी होणं, हिरवट हगवण, एकापाठोपाठ एक मरणं हे मानमोडीसारखं दिसतं, म्हणजे राणीखेत. त्यावर इलाज नाही, लसच द्यावी लागते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. लस बर्फातच आणायची. उन्हात पिशवीतून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि फोडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गटातल्या चौघी-पाचजणींनी एकाच दिवशी लसीकरण ठेवावं. खर्चही वाटला जातो.

आता, पिल्लं मेली त्या दिवशी काय करायचं? पहिलं काम, आजारी पिल्लं वेगळी काढा. नंतर निरोगी पिल्लांचं करा आणि शेवटी आजारी पिल्लांकडं जा, उलटं नको. दुसरं, नुकतंच मेलेलं एखादं पिल्लू दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, सोबत बर्फ ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. डॉक्टर पोट फाडून बघतात आणि पुष्कळदा तिथंच कारण सांगतात. कुजलेल्या पिल्लातून काही कळत नाही. गावात पशुसखी असेल तर तिला सोबत घ्या. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही विचारता येतं. तिसरं, दुकानदारानं दिलेली पुडी पाण्यात कालवू नका. कारण थंडीचं आणि औषध जंतूचं, असं केलं की पैसे जातात आणि पिल्लंही जातात. चौथं, बाकीची मेलेली पिल्लं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकली तर कुत्री ती गावभर नेतात.

एकाएकी खूप पक्षी मेले, मोठ्या कोंबड्याही मेल्या, तर हात लावू नका, विकू नका, शिजवू नका, लगेच दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्या अशाच पटापट मेल्या, आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. लपवण्यानं आपलंच गाव धोक्यात येतं.

आता मनातलं बोलते. पिल्लं मेली की घरात पहिलं बोट बाईकडं जातं. "तुला सांगितलं होतं, नको हे उद्योग." कुणी म्हणतं नजर लागली, कुणी पायगुण काढतं. बाई एकटी असली, नवरा गेलेली असली, तर विचारूच नका. आमच्याकडच्या एका वहिनींची चाळीस पिल्लं एका रात्रीत गेली. त्या पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. हप्ता कुठून भरू आणि तोंड कसं दाखवू, हे दोन्ही त्यांच्या मनात. गटातल्या दोघी त्यांच्या घरी गेल्या. "कुणामुळं झालं" हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "कोणत्या दिवशी, किती, कुठल्या कोपऱ्यात?" वहिनींनी सांगितलं, तेव्हा कळलं की त्या रात्री तीन तास लाइट नव्हती. चाळीस पिल्लांचं कारण सापडलं आणि पायगुणाची गोष्ट तिथंच संपली. उरलेली पिल्लं वहिनींनी नीट वाढवली.

म्हणून प्रत्येकीच्या घरात एक वही पाहिजे. तारीख, किती मेली, कशी दिसली, लाइट किती वेळ गेली, लस कधी दिली. रोज दोन ओळी पुरेत. काळजी घेऊनही शंभरातली तीन-चार पिल्लं जातातच, तेवढी धरूनच हिशोब मांडायचा. त्याहून जास्त गेली तर वही बघायची. वही असली की डॉक्टरला सांगता येतं, पुरवठादाराशी भांडता येतं, आणि घरच्यांना उत्तर देता येतं.

गटानंही दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. एक, मरतुक जास्त झाली तर हप्ता किती पुढं ढकलायचा, याचा ठराव पिल्लं आणण्याआधीच प्रोसिडिंगमध्ये लिहा. संकट आल्यावर ठरवायला बसलं की तोंडं बघून ठरतं. दोन, पिल्लामागं एक-एक रुपया बाजूला काढा. मोठी रक्कम होणार नाही, पण बल्ब, लस, दवाखान्याचं जाणं-येणं एवढं त्यातून निघतं.

आणि हो, पोरं त्या पिल्लांना नावं ठेवतात, हातावर घेऊन फिरतात. पिल्लू मेलं तर त्यांना रडू द्या, तुम्हालाही रडू आलं तर येऊ द्या. डोळे पुसले की मात्र खुराड्यात जा. जी जिवंत आहेत त्यांना त्या घटकेला ऊब हवी असते, पाणी हवं असतं.

या आठवड्याच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणाच्या घरी पिल्लं आहेत आणि लाइट गेली तर तिची काय तयारी आहे. तुमचे प्रश्न आम्हाला कळवत राहा.