संतांची मध्यस्थी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण मंडळात मला नेहमी विचारतात, "तुम्ही कॅथलिक लोक एक देव मानता, मग इतक्या संतांपुढे मेणबत्त्या कशाला?" म्हणून आज बोलावयास उभी राहिले.

आम्ही संतांची पूजा करीत नाही, त्यांना विनविण्यास सांगतो. आमच्या प्रार्थनेतच हा भेद आहे. प्रभू येशूला आम्ही "दया कर" म्हणतो. मरियेला आणि संतांना "आमच्यासाठी विनंती कर" एवढेच म्हणतो. देणारा एकच. यवत-वरवंडला तुकोबांची पालखी येते तेव्हा आपण पायांवर डोके ठेवतो, पण तुकोबांना कोणी विठोबा म्हणत नाही. तसेच काहीसे समजा. आपल्याच तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. तेथील भगिनीही ख्रिस्तीच, पण त्या संतांना विनवीत नाहीत, थेट प्रभूलाच हाक मारतात. त्यावरून आमचे भांडण नाही.

मला स्वतःला योहानाच्या शुभवर्तमानातील काना गावचे लग्न फार आवडते. लग्नघरी द्राक्षारस संपला. हे प्रथम कोणाच्या ध्यानी आले? मरियेच्या. पंगत बसलेली असताना वाढप संपत आले, हे बाईलाच आधी कळते! तिने स्वतः काही चमत्कार केला नाही. मुलाला एवढेच सांगितले की यांच्याजवळ द्राक्षारस उरला नाही. मध्यस्थी म्हणतात ती हीच.

घरात काही हरवले की आम्ही संत अंतोनीला हाक मारतो. तो जन्मला लिस्बनला आणि 1231 साली पादुआ येथे वारला. पुढच्याच वर्षी त्याला संत ठरविले. त्याचे स्तोत्रांचे पुस्तक एका शिकाऊ संन्याशाने नेले होते, ते प्रार्थनेने परत आले, अशी कथा सांगतात. त्याच्या नावाने गरिबांना भाकरी देण्याची चाल आहे. किल्ली सापडो न सापडो, भाकरी कोणाच्या तरी पोटात जाते, हे मला बरे वाटते. आपल्या महाराष्ट्रातलाही एक संत आहे, वसईचा गोन्सालो गार्सिया. 1597 साली जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारले आणि 1862 साली संतपद दिले.

आता नवसाविषयी. श्रीरामपूरजवळ हरेगावला 1949 पासून दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. आम्ही दौंडच्या बायका मनमाडच्या गाडीने बेलापूर स्टेशनला उतरतो. माझ्या माहेरची, शिरूरची माणसे नगर रस्त्याने येतात. कोणी मुलासाठी, कोणी नोकरीसाठी नवस बोलतो.

माझ्या धाकट्या बहिणीनेही बोलला होता. तिचा मुलगा तापाने आजारी होता. औषधपाणी सर्व केले, हरेगावला जाऊन मेणबत्ती लावली. मुलगा गेला. पुढे एका बाईने तिला ऐकविले की, नवसात काही उणे राहिले असेल. भगिनींनो, असे कधी कोणा आईला बोलू नये. मतमाउली काय सावकार आहे, व्याज चुकले म्हणून पोर ओढून नेणारी?

बहिणीने मला विचारले, "ताई, तिने माझे का ऐकले नाही?" मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. मी एवढेच म्हणाले, "तिचाही मुलगा तिच्या डोळ्यांदेखत गेला ग. ती क्रुसाजवळ उभी होती." त्यावर ती पुष्कळ वेळ रडली. दोन वर्षे तिने जपमाळ हातात धरली नाही. मीही आग्रह केला नाही. गेल्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, ती आपण होऊन आमच्या घरी प्रार्थनेला आली. मागे भिंतीला टेकून बसली, ओठ हलविले नाहीत. शेवटी मात्र मेणबत्ती तिनेच विझविली आणि उरलेला तुकडा पदरात बांधून शिरूरला नेला.