भांगेचे झाड आणि मातीतील धातू



कामगार संघटनेचा माणूस आणि विषय भांगेचा, हे पत्रिकेत वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आमच्या युनियनच्या एका सभासदाने तर मला विचारलेच की, यंदा बोनसच्या वाटाघाटी कशाच्या अमलाखाली होणार? तेव्हा प्रथमच सांगून टाकतो, मला या झाडाच्या नशेशी फारसे कर्तव्य नाही, त्याच्या मुळांशी आहे. मी शाळा लवकर सोडली. रसायनशास्त्राची ओळख झाली ती मुलामा देण्याच्या खात्यातील आणि बॅटरीच्या कारखान्यातील कामगारांचे रक्ततपासणीचे कागद वाचताना. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम ही मंडळी मला तेथे भेटली. हीच मंडळी कारखान्याच्या भिंतीबाहेर जमिनीत उतरतात आणि त्या जमिनीत झाडे उगवतात, एवढ्या धाग्यावरून मी भांगेपर्यंत आलो.

आपल्याकडे या झाडाच्या नावाचाच घोटाळा आहे. इंग्रजीतल्या हेम्पला आपण बेधडक ताग म्हणतो; पण शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतो, ते निराळेच झाड. हेम्प म्हणजे भांगच. वाखासाठी वाढवलेली, नशा नगण्य असलेली जात. गांजा म्हणजे त्याच कुळातील मादी झाडाचा चिकट तुरा. झाड एक, धंदे दोन.

आता नशेचे द्रव्य घ्या. इस्रायलमध्ये गाओनी आणि मेकूलम या दोघा शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. बस्स. त्यात धातूचा एकही अणू नाही. मग मातीतल्या धातूंचा संबंध काय? कापडात मागाचे लोखंड नसते, पण मागाशिवाय कापड होत नाही, तसा हा संबंध आहे. तुऱ्यावरच्या बारीक ग्रंथींत ही द्रव्ये घडतात आणि ती घडवणारी हत्यारे म्हणजे विकरे. त्यांपैकी एका महत्त्वाच्या विकराला मॅग्नेशियम लागते. पानाच्या हिरवेपणालाही मॅग्नेशियम लागते, आणि तो हिरवेपणा तयार व्हायला लोह. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही उसावर केवडा पडतो, हे इथल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. धातू जमिनीत असणे निराळे आणि मुळाच्या हाती लागणे निराळे.

यावरून कोणी म्हणेल की, अमुक मातीत अमुक धातू घाला म्हणजे गांजा जालीम होईल. अमेरिकेत १९७५ साली माती, पानांतील घटक आणि ही द्रव्ये यांचा मेळ पाहणारे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि त्यांत काही नाती दिसलीही. पण ज्या महिन्यात पाऊस जास्त त्या महिन्यात खात्यात गैरहजेरी जास्त, एवढ्यावरून पावसाला कामचुकार ठरवता येत नाही. पुढे २००३ साली दिसून आले की, झाड नशेचे द्रव्य जास्त करणार की त्याचे बिननशेचे भावंड, हे मुख्यतः बीजातूनच ठरते. माती कमीअधिक करील. जात बदलणार नाही.

मात्र विषारी धातूंची गोष्ट वेगळी. कॅडमियम हा जस्ताचा तोतया आहे. मूळ त्याला जस्त समजून आत घेते, आणि जमीन आंबट असली तर अधिकच घेते. आत घेतल्यावर झाड त्याला गंधकयुक्त साखळ्यांनी बांधून पेशीच्या कोठीत डांबून ठेवते. भांग हे काम बऱ्यापैकी करते. मुळे खोल, वाढ झपाट्याची, अंगात सोसण्याची ताकद. म्हणून जगभर एक कल्पना निघाली की, कारखान्यांनी नासलेल्या जमिनीत भांग लावावी, तिने विष ओढून घ्यावे, आणि वाख विकून पैसेही करावेत.

कल्पना गोड आहे. म्हणूनच मी तिचा हिशेब मांडून पाहिला. जर्मनीत सांडपाण्याच्या गाळाने दूषित झालेल्या शेतात भांग लावून केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. वाखाची प्रत बिघडली नाही, धातू सर्वांत जास्त पानांत सापडले, आणि एका हंगामात एका हेक्टरातून कॅडमियम निघू शकते ते १२६ ग्रॅम, असा त्यांचा हिशेब. आता पुढचे गणित आपले. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या वीतभर थरात धरून चाला २५ लाख किलो माती. तीत किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम जादा आहे असे समजा. म्हणजे २५ किलो झाले. १२६ ग्रॅमने भागा. जवळजवळ २०० हंगाम! नातवाचा नातूही ते शेत स्वच्छ झालेले पाहणार नाही.

इटलीतील तारान्तो हे असेच एक गाव. तेथे १९६५ साली पोलादाचा प्रचंड कारखाना सुरू झाला. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या आणि त्याच्याच धुराने आजूबाजूची कुरणे नासली. २००८ साली मेंढ्यांत डायॉक्सिन सापडले. हा धातू नव्हे, पण त्याच चिमणीचा सोबती. शेकडो मेंढ्या मारून टाकाव्या लागल्या. चराई बंद झालेल्या जमिनीत काही शेतकऱ्यांनी मग भांग लावली. २०१२ साली न्यायालयाने भट्ट्यांवर जप्ती आणली, तेव्हा कामगारांपुढे प्रश्न उभा राहिला की, भाकरी राखायची की फुप्फुस? युनियनच्या माणसाला हा प्रश्न झोप येऊ देत नाही. त्या शेतकऱ्यांची जिद्द मी मानतो. पण आजही चालू असलेल्या घाणीला कोणी भांगेचे हिरवे पांघरूण घालू लागला, तर ते पांघरूण ओढून काढले पाहिजे.

दुसरे असे की, झाडाने विष ओढले म्हणजे ते नाहीसे झाले नाही. ते पानात, तुऱ्यात आले. त्याचे पुढे काय? अमेरिकेत २००५ ते २०१८ या काळातील सात हजारांवर लोकांच्या तपासण्यांवरून २०२३ साली असे प्रसिद्ध झाले की, फक्त गांजा वापरणाऱ्यांच्या रक्तात शिसे न वापरणाऱ्यांपेक्षा २७ टक्के आणि कॅडमियम २२ टक्के जास्त होते. आणि सगळा दोष मातीलाही देऊ नका. जर्मनीतील लाइपझिग शहरात २००७-०८ मध्ये तरुणांना शिशाची विषबाधा होऊ लागली. २९ रोग्यांची नोंद झाली. पुडीत शिशाचे कण सापडले. ते मुळातून आले नव्हते, तराजूतून आले होते. विक्रेत्यांनी वजन वाढवण्यासाठी घातले होते!

धातू जळतही नाही. दूषित शेतातली भांग कापून जाळली तर धातू काही धुरात जाईल, उरलेला राखेत अधिक दाट होऊन बसेल. ती राख उचलणारा कोण? रोजंदारीवरचा माणूस, बहुधा बाई, फडके तोंडाला बांधून. या योजनांची पत्रके मी वाचली आहेत. त्यांत एकरी उत्पन्न असते, राखेचे नाव क्वचितच असते.

जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. सरकारने १९६८ साली कारण मान्य केले. १९७२ साली वरिष्ठ न्यायालयातही लोक जिंकले. तेथे शेते सुधारली ती झाडांनी नव्हे, माती बदलून. ते काम २०१२ साली संपले, आणि खर्चाचा वाटा कंपनीला उचलावा लागला. त्याहून मला आवडते ती त्यांच्या कराराची एक अट. गावकऱ्यांनी आपले शास्त्रज्ञ घेऊन हवे तेव्हा खाणीच्या आवारात शिरावे, पाणी तपासावे, आणि त्या तपासणीचा खर्च कंपनीने द्यावा. त्या अटीप्रमाणे गावकरी वर्षानुवर्षे आत जात राहिले आणि नदीतले कॅडमियम उतरत गेले.